मेबॅकचे धनी

विजयादशमीची उन्हे कलली की कोल्हापूरच्या दसरा चौकात भगव्या छटेची एक लांबलचक मोटार येते, आणि तिच्याकडे पाहताना आपण सर्वांत आधी आस्वाद घ्यावा तो तिच्या संथपणाचा. ताशी शंभराहून अधिक किलोमीटर सहज कापता यावेत अशा बेताने घडवलेले हे यंत्र त्या संध्याकाळी माणसाच्या पावलाने चालते. ज्यांनी जुनी गाडी हाताळली आहे त्यांना ठाऊक असते की जुन्या इंजिनाची खरी परीक्षा वेगात नसते, ती अशा चालीत असते; कारण धावत्या गाडीला समोरचा वारा थंड ठेवतो आणि पावलापावलाने जाणाऱ्या गाडीला तो वाराच मिळत नाही. रेडिएटरमधले पाणी तापू लागते, क्लचवर ताण येतो, पुढे हातभर अंतरावर भालदार-चोपदार आणि दोन्ही अंगांना गर्दी, त्यामुळे चालकाला ब्रेकवरचा पाय क्षणभरही विसरता येत नाही. तरीही ती न अडखळता, न गुरगुरता येते आणि ठरल्या जागी थांबते. गर्दीचे डोळे छत्रपतींकडे वळतात, पालख्यांकडे वळतात; आपण मात्र घटकाभर त्या मोटारीपाशीच रेंगाळू.

अख्खा मुलूख तिला 'मेबॅक' म्हणतो. जर्मनांचा उच्चार 'मायबाख' असा, पण कोल्हापुरात, कागलात, निपाणीत, अगदी बेळगावच्या खडेबाजारातही 'मेबॅक आली' एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३०च्या दशकात ही गाडी करवीरात आली, आणि आज तिचे दर्शन घडते ते दसऱ्याच्या शाही सोहळ्यात.

आता तिचा रंग पाहा. त्या दशकात युरोपातल्या श्रीमंतांच्या बंद मोटारी बहुधा काळ्या, गर्द निळ्या किंवा करड्या असत. ऐश्वर्याने आवाज चढवू नये, असा तिथला शिष्टाचार. आपल्याकडच्या संस्थानिकांनी तो मानला नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्युसेनबर्ग नारिंगी आणि काळ्या रंगांत नटली होती, राजकोटच्या ठाकूरसाहेबांची रोल्स रॉइस केशरी होती. पण कोल्हापूरच्या गाडीवरचा भगवा त्यांहून वेगळा वाटतो, कारण हा रंग एका माणसाच्या हौसेचा न राहता गादीच्या निशाणाशी जाऊन मिळतो. जर्मनीच्या दक्षिण टोकाला, बोडन सरोवराकाठच्या फ्रीडरिक्सहाफेन गावी जन्मलेल्या धातूने करवीरचा रंग ल्यायचा आणि आपट्याच्या पानांच्या ढिगाऱ्याशेजारी उभे राहायचे, यातली विसंगती एका क्षणात विरघळते. नंतर तो रंग त्या धातूवर दुसरा कुठला असू शकला असता असे वाटतच नाही.

पुढे सरकून नजर तिच्या चिन्हावर ठेवू. फुगीर कडांच्या त्रिकोणात एकमेकांना छेदणारे दोन 'एम' — मेबॅक मोटोरेनबाउ, म्हणजे मेबॅक इंजिन कारखाना. नावात मोटारगाडीचा उल्लेखच नाही, आहे तो फक्त इंजिनाचा, आणि त्याला कारण आहे. विल्हेल्म मेबॅक हा मोटारयुगाच्या पहिल्या पिढीतला श्रेष्ठ अभियंता. १९०१ची पहिली मर्सिडीज त्याच्या कल्पनेतून उतरली. त्याने आणि त्याचा मुलगा कार्ल याने १९०९ मध्ये जे काम हाती घेतले ते रस्त्यासाठी नव्हतेच, ते आकाशासाठी होते: काउंट झेपेलिनच्या अजस्र हवाई जहाजांची इंजिने. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीचे पंख छाटले, तेव्हा कारखाना जगवण्यासाठी कार्ल मेबॅक मोटारींकडे वळला आणि १९२१ मध्ये त्याची पहिली गाडी लोकांसमोर आली. पुढे निर्बंध सैलावले आणि १९२९ मध्ये 'ग्राफ झेपेलिन' या हवाई जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती पाच मेबॅक इंजिनांच्या बळावर. तेव्हा या घराण्याच्या मोटारीचे लांब बॉनेट पाहताना आपण जे पाहत असतो ती उडायला निघालेल्या आणि जमिनीवर उतरवल्या गेलेल्या एका विद्येची ठेव असते.

इथे एक योग मला फार मोहवतो. ज्या राजाराम महाराजांच्या काळात ही गाडी आली, त्यांच्याच काळात, १९३९ मध्ये, कोल्हापूरचा विमानतळ झाला. राजर्षी शाहूंनी धरण, शाळा, वसतिगृहे आणि गिरणी यांतून नवे युग राज्यात आणले. त्यांच्या या मुलाने १९२२ ते १९४० या अठरा वर्षांत बोलपटाचे स्टुडिओ आणि विमानाची धावपट्टी पाहिली. नभोवाहनांची इंजिने करणाऱ्या कारखान्याची मोटार आणि उजळाईवाडीच्या माळावरची धावपट्टी ही एकाच काळाची, एकाच उत्कंठेची दोन रूपे आहेत. इतिहासाच्या पुस्तकात ती दोन वेगवेगळ्या प्रकरणांत पडतील, रसिकाने मात्र ती शेजारी शेजारी मांडून पाहावीत.

मेबॅकच्या बांध्यातही एक मौज आहे. हा कारखाना स्वतः फक्त सांगाडा, इंजिन आणि यंत्रणा घडवी. वरचा देह चढवायचा तो दुसऱ्याच कारागिरांनी. राव्हेन्सबुर्ग गावचा हेरमान श्पोन हा त्यांतला अग्रणी. गिऱ्हाईक आधी सांगाडा पसंत करी, मग बैठक किती उंच, दरवाजे किती रुंद, टप मिटणारा की पक्का, दिवे कुठे आणि किती, अशा एकेका गोष्टीवर बोलणे होई आणि महिन्यांनी गाडी पूर्ण व्हायची. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांच्या मागण्या तर निराळ्याच असत: जनान्यासाठी पडद्याच्या गाड्या, शिकारीसाठी बंदुकांच्या खोबणी आणि झगझगीत शोधदिवे, मिरवणुकीसाठी रयतेला धनी दिसेल अशी आसने. म्हणून त्या काळच्या मेबॅकची एक गाडी दुसरीसारखी क्वचितच निघते. १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धाने काम बंद पाडेपर्यंत साऱ्या जगासाठी मिळून अशा सुमारे अठराशेच मोटारी झाल्या. आज आपल्या महामार्गावरून कोगनोळीच्या नाक्याशी दिवसभरात जेवढी वाहने जातात, त्यांच्यापुढे हा आकडा किती एवढासा!

आणि तिचे गिअर! जुने ट्रकवाले अजून 'डबल क्लच'च्या आठवणी काढतात. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना क्लच दोनदा दाबायचा, मधल्या क्षणी इंजिनाचा वेग जुळवायचा, आणि जुळला नाही तर खालून जी खरखर उठे ती साऱ्या गावाला ऐकू जायची. त्याच काळात बऱ्याच मेबॅक मोटारींत स्टिअरिंगच्या मध्याशी छोटे दांडे असत. चालकाने दांडा हव्या त्या जागी सरकवायचा, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, आणि निर्वाताच्या ओढीने पुढचे काम आपोआप उरके. क्लचला हात, किंवा पाय म्हणू या, लावायचीही गरज बहुधा पडत नसे. मागे बसलेल्याला गिअर बदलल्याचा सुगावा लागू नये, एवढ्यासाठी कार्ल मेबॅकने ही सारी कुसर केली. राजेशाही सुखाची ही व्याख्या मला गादीच्या मऊपणाहून अधिक नाजूक वाटते: आपल्यासाठी चाललेले श्रम आपल्याला जाणवूच नयेत.

आता वळू या तिच्या धन्यांकडे, कारण जुन्या मोटारीचा अर्धा रस तिच्या मालकांच्या यादीत असतो. आपल्याकडे निपाणीत, चिकोडीत, बेळगावात जुनी गाडी पाहायला गेले की पहिला प्रश्न ठरलेला, 'किती हात फिरलीय?' 'सिंगल हँड' म्हटले की भाव चढतो, तिसऱ्या हाताला उतरतो, चौथ्या हाताची म्हटली की बघणारा बॉनेट न उघडताच चहा पिऊन निघतो. मेबॅकचे हात मोजायला बसले तर हिशोब मोठा विलक्षण निघतो. पहिले धनी राजाराम महाराज. १९४० मध्ये ते गेले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता. महाराणी ताराबाईंनी कारभार पाहिला आणि एक बालक दत्तक घेऊन शिवाजी या नावाने गादीवर बसवले. म्हणजे काही वर्षे या प्रचंड यंत्राचा धनी असा होता, ज्याचा हात स्टिअरिंगपर्यंतही पोचला नसता. ते बालछत्रपती १९४६ मध्येच निवर्तले. मग १९४७ मध्ये देवासच्या थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव पवार करवीरला दत्तक आले आणि शहाजी छत्रपती झाले. दोनच वर्षांत, १ मार्च १९४९ रोजी, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आणि १९६२ मध्ये शहाजी महाराजांनी आपल्या लेकीचा मुलगा, नागपूरकर भोसल्यांच्या घरचा, दत्तक घेतला. तेच आजचे शाहू महाराज, २०२४ पासून कोल्हापूरचे खासदार.

ही यादी पुन्हा सावकाश वाचावी अशी आहे. राजाराम महाराजांनंतर या मोटारीचा एकही धनी त्या घरात गादीचा मुलगा म्हणून जन्मला नाही. प्रत्येक जण दत्तविधानाने आला. आणि मागे गेलो तर खुद्द राजर्षी शाहूही कागलच्या घाटग्यांच्या घरून १८८४ मध्ये दत्तक आलेले. म्हणजे इतर गाड्या खरेदीखताने हस्तांतरित होतात, ही मात्र होमाच्या साक्षीने होत आली. देवासहून, नागपूरहून माणसे आली, नाव बदलून, गोत्र बदलून या घरची झाली, आणि घरात जे होते ते त्यांचे झाले: गादी, देव, कुळाचार आणि कोठीतली ही मोटार. 'किती हात?' या प्रश्नाला कोल्हापूरचे उत्तर असे की धनी चार झाले, घर एकच राहिले. सिंगल हँड गाडीची एवढी खानदानी व्याख्या बाजारात कोणी करून दाखवावी!

संस्थानिकांच्या इतर जुन्या गाड्यांचे प्राक्तन पाहिले की या उत्तराचे मोल उमगते. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी भरली होती. सहा घाट आणि ६२० मैल न बिघडता पार करून रोल्स रॉइसच्या 'पर्ल ऑफ द ईस्ट'ने नाव काढले, आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. म्हणजे आपल्याच घाटांनी पारखलेले रत्न चंबळेच्या मुलखात गेले. होळकरांची ती नारिंगी ड्युसेनबर्ग पुढे आपल्या जन्मदेशी, अमेरिकेत परतली. पतियाळाच्या महाराजांना हिटलरने मेबॅक भेट दिल्याची कथा आपण ऐकलेली असते. तीही संग्राहकांच्या हाती पडून परदेशी गेली. राजकोटची केशरी रोल्स रॉइस, १९३४ची 'स्टार ऑफ इंडिया', १९६०च्या दशकात देशाबाहेर गेली. तिला राजकोटच्या वंशजांनी अनेक दशकांनी पुन्हा विकत घेऊन घरी आणले, आणि आपल्याच आजोबांच्या गाडीसाठी लिलावाच्या बाजारात उतरण्याची वेळ नातवावर आली. १९७१च्या घटनादुरुस्तीने तनखे आणि पदव्या संपल्यावर तर कित्येक वाड्यांच्या कोठ्या रिकाम्या झाल्या. दोन-अडीचशे माणसांचा लवाजमा गेला, पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरावे लागले, आणि आठ लिटरचे इंजिन ही मिरवण्याची गोष्ट न राहता महिन्याच्या खर्चाची ओळ झाली.

मग ही का राहिली? माझे उत्तर असे की तिच्याकडे काम होते. आपल्या भागात कर्नाटकी बेंदराला ज्या बैलाच्या शिंगांना हिंगूळ लागतो, ज्याला झूल चढते आणि वेशीतून पहिला मान मिळतो, तो म्हातारा झाला तरी धनी त्याला बाजार दाखवत नाही. वर्षातला तो एक दिवस त्याचे उरलेले सगळे दिवस राखतो. मेबॅकला दसऱ्याने तसे राखले आहे. नव्या राजवाड्यातल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात शस्त्रे आहेत, पेंढा भरलेली जनावरे आहेत, हौदे आहेत, आणि त्या सगळ्यांचे काम संपलेले आहे. मेबॅकचे काम दरवर्षी ठरलेल्या तिथीला उभे राहते. अंबाबाईची पालखी निघते, भवानी मंडपातून तुळजाभवानीची पालखी निघते, त्या तिकडून येणार म्हणजे गाडीला इकडून निघावेच लागणार. शमीपूजनाचा मुहूर्त कार्ब्युरेटरची सबब ऐकून घेत नाही. म्हणून कुणीतरी आधीच बॅटरी पाहतो, टायरची हवा पाहतो, तेल बदलतो. जुनी मोटार गंजाने जेवढी मरते त्याहून अधिक बिनकामाने मरते, हे कोणताही मिस्त्री सांगेल.

मिस्त्र्यांचे नाव निघाले आहे तर त्यांच्या हातांनाही आपल्या रसास्वादात वाटा द्यायला हवा. अशा गाडीचा सुटा भाग दुकानात मिळत नाही. बुश झिजला, वॉटर पंपाला चीर गेली की नमुना काढायचा, साचा करायचा, ओतायचा आणि लेथवर शतांश मिलिमीटरने उतरवत आणायचा. जुन्या यंत्रांच्या सुदैवाने, कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर आणि बेळगावचे उद्यमबाग ही दोन्ही नावे ओतकामासाठी आणि यंत्रकामासाठी देशभर ओळखली जातात. शेतीपंपांपासून क्रँकशाफ्टपर्यंत लोखंडाला आकार देणारी पिढ्यान् पिढ्यांची विद्या या पट्ट्यात नांदते. विद्यापीठाची पदवी नसलेला कारागीर कानाला पाना लावून इंजिनाचा ठोका ऐकतो आणि कोणत्या सिलिंडरमध्ये काय आहे ते सांगतो. फ्रीडरिक्सहाफेनच्या अभियंत्याने नव्वद वर्षांपूर्वी केलेले काम समजून घेणारा वाचक त्याला असा इथे भेटतो. त्या दोघांची भाषा एक नाही, पण सूत धरून मोजण्याची इमानदारी एक आहे.

कायद्यालाही अलीकडे अशा वाहनांचा जिव्हाळा वाटू लागला आहे. १९५०पूर्वीच्या मोटारी देशाबाहेर न्यायला निर्बंध आहेत. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली: क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही खूण, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि अट अशी की गाडी रोजच्या वापरात आणायची नाही, प्रदर्शन, रॅली आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. सणासुदीलाच बाहेर पडायचे आणि एरवी घरात राहायचे, हा रिवाज सरकारने आता कागदावर आणला. मेबॅक तो कुणी न सांगता पाळत आली आहे.

आता शेवटी आपल्याकडे, म्हणजे राज्यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बघ्यांकडे. ही गाडी आली तेव्हा रायबाग कोल्हापूर संस्थानात होते आणि निपाणी इंग्रजी मुलखात. विलीनीकरणाने दोघे एका प्रांतात आले आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेने दोघे मिळून म्हैसूर राज्यात गेले. नकाशावरच्या रेघा अशा इकडून तिकडे सरकल्या, तरी दसऱ्याच्या दुपारी कागलमार्गे कोल्हापूरकडे जाणाऱ्या दुचाक्यांत केए-२३ आणि केए-२२ या पाट्या एमएच-०९ इतक्याच सहज मिसळलेल्या दिसतात. रायबागच्या ज्या शेतकऱ्याचा आजा राजाराम महाराजांची रयत होता, तो आज दुसऱ्या राज्याचा मतदार म्हणून त्याच गाडीकडे पाहतो, आणि खांद्यावरचे पोर हमखास विचारते, 'केवढ्याला असेल ओ?' लिलाववाले सांगतील तो आकडा मोठाच असणार, पण पोराला द्यायचे उत्तर वेगळे आहे. ज्या गाड्या विकल्या गेल्या त्यांची किंमत कळली आणि त्या कुलपांमागे गेल्या. जी विकली गेली नाही ती वर्षातून एकदा भर चौकात, तिकीट न लावता, पालखीबरोबर लोकांत येते. मालकी एका घराची राहिली म्हणून पाहण्याचा हक्क साऱ्या मुलखाचा राहिला. तेव्हा यंदा जायचे तर दुपारीच निघावे, गाडी शहराबाहेर लावावी, आणि सोने लुटायच्या झुंबडीत शिरण्याआधी बॉनेटच्या बाजूला जागा धरून त्या पोराला सर्वांत पुढे उभे करावे.